३५ मिमीच्या तीन रेंजफाइंडर लेन्स: कोणती आपली, हे कसं ठरवावं

लायकाच्या एम माउंटसाठी (लायकाच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांवर लेन्स बसवायची जोडणी) ३५ मिमी, एफ/२ (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं) लेन्स शोधताना तीन नावं हमखास समोर येतात: लायकाची समिक्रॉन, झाइसची बिओगॉन आणि फॉइक्टलेंडरची अल्ट्रॉन. किमतींत जमीन-अस्मानाचं अंतर. तिन्ही दोन दिवसांसाठी हाती लागल्या, तर असं करा.

१. आधी आकार. समिक्रॉन अ‍ॅस्फेरिकल (काळी) अडीचशे ग्रॅमच्या आसपास, बिओगॉन २४०, अल्ट्रॉन १७०. पण वजनापेक्षा लांबी जास्त त्रास देते. कॅटलॉगमधल्या लांबीत कधी कधी टोपणंही धरलेली असतात, म्हणून माउंटपासून पुढच्या कडेपर्यंत स्वतः पट्टी लावा. हूड (लेन्सपुढची उजेड अडवणारी कड) चढवून पुन्हा मोजा.

२. आता फाइंडरमधून, म्हणजे बॉडीवरच्या वेगळ्या खिडकीतून बघा. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नाही, त्यामुळे लांब लेन्स चौकटीचा उजवा खालचा कोपरा झाकते. किती झाकते ते हूडसकट आणि हूडशिवाय पाहा. माझ्या मते आकाराचा खरा निकाल इथेच लागतो, खिशात नाही.

३. फोटोंच्या तुलनेसाठी एकच बॉडी, ट्रायपॉड, मॅन्युअल एक्सपोजर, ठरावीक व्हाइट बॅलन्स, रॉ (कच्ची) फाइल. कॅमेऱ्याचं लेन्स डिटेक्शन बंद करा. लायकाच्या लेन्सवरचा सहा बिटांचा कोड वाचून बॉडी गुपचूप कोपरे उजळते; बाकीच्या दोघींना ती सवलत मिळत नाही.

४. फोकसमध्ये सगळ्यात जास्त फसगत होते. बॉडी आणि लेन्सचं जुळणं किंचित चुकलं, तरी ‘ही लेन्स मऊ (कमी धारदार) आहे’ असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. लाइव्ह व्ह्यू (लेन्समधलं चित्र थेट पडद्यावर) असेल तर तोच वापरा. नसेल तर दर वेळी फोकस रिंग फिरवून पुन्हा जुळवा, पाच फोटो काढा आणि सर्वांत धारदार तेवढा ठेवा.

५. धार तपासायला विटांच्या भिंतीचा एक फोटो पुरे. खरा स्वभाव इतरत्र दिसतो. मीटरभरावर चेहरा, मागे झाडाची पानं, एफ/२: पानांमधल्या उजेडाच्या ठिपक्यांच्या कडा कडक आहेत की विरघळतात? रात्री रस्त्यावरचे दिवे चौकटीच्या कोपऱ्यात ठेवा. ठिपक्याला पंख फुटतात का? मग सूर्य चौकटीच्या जरासा बाहेर ठेवून काळ्या भागावर धुरकटपणा येतो का ते पाहा. हेच एफ/४ आणि एफ/८ वर करा. एफ/८ ला तिघींमधला फरक बराच मावळतो.

६. एफचा आकडा सारखा असला तरी उजेड थोडा कमी-जास्त येतो. तुलनेआधी मधल्या भागाची उजळी सारखी करा, नाहीतर जास्त उजळ चित्रच ‘सुंदर’ वाटतं.

७. फाइलींची नावं घरच्या कुणाकडून बदलून घ्या. दोन दिवसांनी, कोणती कुणाची हे माहीत नसताना, आवडीनुसार रांग लावा. पुन्हा दोन दिवसांनी लावा. दोन्ही रांगा जुळल्या नाहीत, तर फाइंडर कमी झाकणारी लेन्स घ्या.