चराऊ माळाचा कस कसा ओळखावा आणि कसा राखावा

माण, खटाव, आटपाडी आणि जत या तालुक्यांतील माळांवर दिवसभर चरलेल्या मेंढ्यांचा वाडा रात्री कोणाच्या तरी शेतात बसवला जातो. शेतकऱ्याला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात, आणि माळाचा कस मात्र रोज थोडाथोडा शेताकडे जातो. जमीन मुळातच उथळ व मुरमाड असल्यामुळे ही वजावट वर्षानुवर्षे भरून निघत नाही.

पाहणी गवताला तुरे आल्यावर, म्हणजे भाद्रपद-आश्विनात करावी, कारण त्याआधी गवतांच्या जाती ओळखणे अवघड जाते. मारवेल आणि पवना ही जनावरांच्या आवडीची बहुवार्षिक गवते आहेत. त्यांची ठोंबे विरळ होऊन कुसळी गवत पसरू लागले असेल, तर माळ खालावत आहे असे समजावे. उलट, जुन्या वाड्याच्या जागी तरोटा, आघाडा किंवा धोत्रा माजलेला दिसतो, तेथे नत्र (नायट्रोजन) एकाच ठिकाणी साचलेले असते. गुरे हाडे किंवा चिंध्या चघळत असतील, तर चाऱ्यात स्फुरद (फॉस्फरस) कमी पडत असल्याची शंका घ्यावी आणि पशुवैद्यकांना दाखवावे.

मात्र कुसळी वाढण्याचे कारण कस कमी होणे हेच असते असे नाही. अति चराईनेही तेच घडते, आणि या दोहोंत गल्लत झाल्यास खताचा खर्च वाया जातो. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस माळावर सारख्याच उताराचे दोन लहान तुकडे निवडून त्यांना बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालावे आणि त्यांपैकी एकातच कुजलेले लेंडीखत पातळ पसरावे. दोन्ही तुकडे सारखेच सुधारले, तर माळाला खतापेक्षा विश्रांतीची गरज आहे. खताचाच तुकडा उठून दिसला, तर कस कमी आहे. एका पावसाळ्यावर निकाल ठरवू नये, कारण खंड पडलेल्या वर्षी दोन्ही तुकडे सारखेच रोडावतात.

माती परीक्षणासाठी नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घ्यावी, ती एकत्र करून अर्धा किलो नमुना प्रयोगशाळेत द्यावा, आणि वाड्याची जुनी जागा, वाटा व झाडांखालची माती त्यात येऊ देऊ नये.

कस कमी असल्याचे ठरले, तरी युरिया टाकण्याचा मोह आवरावा. नत्र एकदम वाढले की त्याचा लाभ झपाट्याने वाढणारे हंगामी तण घेते, मारवेलसारखी सावकाश जम बसवणारी गवते झाकोळली जातात आणि हवेतील नत्र मुळांच्या गाठींत साठवणाऱ्या रानमटकी, रानमूग यांसारख्या वेलींचे महत्त्व उरत नाही. स्फुरद कमी निघाल्यास मात्र शिफारशीइतके सुपर फॉस्फेट देणे या द्विदल वेलींना उपयोगी पडते. माझ्या मते सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मेंढपाळाशी बोलून वर्षातून काही रात्री वाडा माळावरच बसवणे आणि दर एक-दोन रात्रींनी त्याची जागा हलवणे. शेतकऱ्यांकडून मिळणारा मोबदला त्या रात्रींपुरता बुडतो, त्यामुळे त्याची भरपाई गावाने आधीच ठरवावी.

वाळलेले गवत पेटवून देऊ नये. त्यातील नत्र धुरावाटे निघून जाते, आणि मागे राहिलेली राख उघड्या उतारावरून वळवाच्या पहिल्या सरीबरोबर ओढ्याला लागते.