वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं निवडताय? या चुका टाळा

आमच्या वाचनगटात नवीन माणूस आला की तिसऱ्या-चौथ्या भेटीत एक वाक्य हमखास कानावर पडतं : "मी सगळ्या प्रकारचं वाचून बघितलं, पण मला कादंबऱ्याच जमतात." सगळ्या प्रकारचं म्हणजे नक्की काय, असं खोदून विचारलं की एक चरित्र, एक विज्ञानाचं पुस्तक आणि अर्धा कवितासंग्रह एवढा ऐवज निघतो. ते चरित्र कसं निवडलंत, असं विचारलं की मात्र गाडी अडते. निवडलेलं नसतंच. समोर आलं, उचललं.

अकरा वर्षं हेच ऐकतेय, म्हणून एकदाचं लिहून टाकते. क्रम महत्त्वाचा वगैरे नाही, जिथे मला जास्त वैताग येतो तिथे जास्त लिहिलंय.

'मरण्यापूर्वी वाचा' छाप याद्या

या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. दोन शेजारी ठेवून बघा, निम्मी नावं तीच. त्यात यादी करणाऱ्याला आपला दर्जा दाखवायचा असतो, त्यामुळे जे सगळ्यात जड ते सगळ्यात वर. नवखा माणूस पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करतो आणि तिथेच गाळात रुततो.

आमच्याकडे एक हुशार मुलगा आला होता. शंभर पुस्तकांची एक्सेल शीट घेऊन. रंगीत रकाने, रोजच्या पानांचं उद्दिष्ट, टक्केवारी आपोआप निघायची सोय. वर्षात शंभर संपवणार होता. पहिलंच पुस्तक हजार पानांची कादंबरी. दर आठवड्याला येऊन हिशेब सांगायचा, "मॅडम, आज बारा पानं झाली." त्या बारा पानांत काय घडलं, हे एकदाही त्याच्या तोंडून आलं नाही. एकशे ऐंशीव्या पानावर त्याची चाल थांबली. सोडून दे, दुसरं घे, म्हटलं तर म्हणाला, "आता एवढं वाचलंय तर..." पुढच्या महिन्यापासून तो यायचाच बंद झाला. दोन वर्षांनी भेटला तेव्हा हसून म्हणाला, वाचन हा आपला प्रांत नाही. मला त्या मुलाचा राग येत नाही, त्या शीटचा अजून येतो.

नव्या प्रकारात शिरताना मी त्यातलं 'सर्वश्रेष्ठ' पुस्तक कधीच आधी घेत नाही. वेगवेगळ्या लेखकांच्या निवडक कथांचं, लेखांचं किंवा कवितांचं संपादित पुस्तक घेते. पंधरा लेखकांपैकी बारा आवडले नाहीत तरी चालतं, उरलेल्या तिघांची नावं वहीत जातात आणि पुढचं वर्ष त्यांच्यावर निघतं. विज्ञानकथेला तर हा दरवाजा फारच सोयीचा. तो प्रकार वाढलाच मुळी मासिकांतून (फक्त विज्ञानकथा छापणारं मासिक अमेरिकेत 1926 साली निघालं), त्यामुळे त्यातल्या कितीतरी उत्तम कल्पना वीस-पंचवीस पानांच्या कथांत आहेत. थेट सात खंडांच्या मालिकेवर झडप घालणाऱ्यांना कोण सांगणार?

आणि पुस्तक सोडायला शिका. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचा नियम मी पाळते : पन्नास पानं वाचा, पटलं नाही तर ठेवून द्या. तुमचं वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं द्यायची. माझ्या वाट्याला सध्या 42 येतात. दरवर्षी एकेक कमी होतंय, त्याचा आनंद मानायचा की नाही ते कळत नाही.

पुस्तकाचं साल न बघणं

ही चूक मी भर सभेत केली आहे, म्हणून तिच्याबद्दल अधिकाराने बोलते.

गटात दर महिन्याला एकाने आपल्या नेहमीच्या वाटेबाहेरचं पुस्तक वाचून त्यावर बोलायचं, असं ठरलं होतं. मी आनुवंशिकतेवरचं एक पुस्तक घेतलं. कोरं करकरीत, चकचकीत मुखपृष्ठ, आत ठळक '2014'. मन लावून टिपणं काढली आणि चांगलं अर्धा तास बोलले. "माणसाच्या शरीरात सुमारे एक लाख जनुकं असतात," हे वाक्य तर दोनदा घेतलं, आकडा भारदस्त होता ना! जीवशास्त्रात एमएस्सी करणारी एक मुलगी कोपऱ्यात बसली होती. तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग हळूच म्हणाली, "काकू, पुस्तक केव्हाचं आहे हो?"

"2014 चं!"

"बघू जरा?"

तिने शीर्षकपान उलटलं, मागच्या बारीक टाइपातल्या मजकुरावर बोट ठेवलं आणि पुस्तक माझ्याकडे फिरवलं. पहिली आवृत्ती 1993. पुढे पुनर्मुद्रणं एकाखाली एक, 2014 हे त्यातलं शेवटचं. मानवी जनुकसंचाचा पहिला मसुदा 2001 मध्ये छापून आला तेव्हाच तो लाखाचा आकडा कोसळला होता, 2004 पर्यंत अंदाज वीस ते पंचवीस हजारांवर आला. मी तेरा वर्षं शिळी बातमी ताजी म्हणून वाढत होते.

पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर परत छापणं. सुधारित आवृत्ती म्हणजे लेखकाने मजकुराला हात लावलेला असणं. मुखपृष्ठावर 'दहावी आवृत्ती' असं झळकत असलं तरी प्रत्यक्षात ती बऱ्याचदा दहावी छपाईच असते. म्हणून पुस्तक हातात आलं की मी आधी शीर्षकपानाची मागची बाजू बघते. पहिलं प्रकाशन कधी, सुधारणा कधी, सुधारणा झाली असेल तर नवी प्रस्तावना आहे का आणि तीत काय बदललं ते सांगितलंय का. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

याचा अर्थ जुनं ते टाकाऊ असा नाही. माणसाच्या पेशीत 48 गुणसूत्रं असतात असं कित्येक दशकं शिकवलं जात होतं, 46 हा बरोबर आकडा 1956 मध्ये आला. त्याआधीचं जीवशास्त्राचं पुस्तक आज मिळालं तर मी आवडीने वाचेन, पण इतिहास म्हणून. विज्ञान, आरोग्य, अर्थकारण, तंत्रज्ञान यांत साल आधी बघायचं. कादंबरी, कविता, प्रवासवर्णनात सालाने बिघडत काहीच नाही, उलट जुनं प्रवासवर्णन ही चैन असते.

तारे मोजणं

पुस्तकांच्या वेबसाइटवर वाचकांनी पाचपैकी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी बघून 4.2 चांगलं आणि 3.6 वाईट, असं मानणारी माणसं मला रोज भेटतात. एखाद्या मालिकेतल्या पाचव्या भागाचे तारे बघा, पहिल्यापेक्षा बरेचदा जास्त दिसतात. पाचवा भाग सरस असतो म्हणून नव्हे, ज्यांना आवडलं नाही ते पहिल्या भागातच गळालेले असतात म्हणून. उरलेत ते भक्त. याउलट जे पुस्तक सगळ्यांना सक्तीने वाचावं लागतं, त्याचे तारे सक्तीनेच पडतात.

मी तीन तारेवाल्यांचे अभिप्राय वाचते. पाचवाले आरती ओवाळतात, एकवाल्यांचं पार्सल उशिरा आलेलं असतं. तीनवाला मात्र सांगतो की काय जमलं आणि कुठे घसरलं. "शेतीचे तपशील फार आहेत, गोष्ट पुढेच सरकत नाही" अशी तक्रार वाचून मी एक पुस्तक तातडीने आणलं होतं. मला शेतीचे तपशीलच हवे होते.

सगळ्या प्रकारांना एकच गज लावणं

'गुंतवून ठेवतं का?' हा एकच प्रश्न घेऊन लोक कवितासंग्रहापासून अर्थशास्त्रापर्यंत फिरतात. मग कविता 'डोक्यावरून जाते' आणि इतिहास 'कंटाळवाणा' निघतो. प्रत्येक प्रकाराची नाडी वेगळ्या जागी लागते.

इतिहासाचं पुस्तक मी मागून उघडते. टिपा आणि संदर्भसूची आहे का, त्यात मूळ कागदपत्रं, पत्रं, दप्तरं आहेत की नुसती दुसऱ्यांची पुस्तकं? मागे काहीच नसेल तर ती कादंबरी समजून वाचायची. आत्मचरित्रात लेखकाचं ज्या माणसाशी बिनसलं, त्याच्याबद्दलची पानं शोधते. व्यक्तिसूची असेल तर हे फार सोपं जातं. तिथे समोरच्याचीही बाजू दोन ओळींत का होईना आली असेल, तर पुस्तक घरी येतं. सगळीकडे लेखकच बरोबर असेल तर ते आत्मचरित्र नव्हे, मानपत्र. प्रवासवर्णनात मधली दहा पानं चाळायची आणि त्यात किती माणसं बोलतात ते मोजायचं. नुसतेच 'विलोभनीय' आणि 'नयनरम्य' भेटले तर ठेवून द्यायचं. कवितासंग्रह उभ्या उभ्या तीन कविता वाचून निवडते, त्यातली एक पायऱ्या उतरताना आठवली तर परत वर जाते.

रहस्यकथेची गंमत वेगळी. रोनाल्ड नॉक्स हा पाद्री स्वतः रहस्यकथा लिहायचा. त्याने 1929 मध्ये या प्रकाराचे दहा नियम मांडले. त्यांचा गाभा एवढाच, की जो धागा गुप्तहेराला दिसतो तो वाचकालाही दिसला पाहिजे. नियम मोडूनही झकास लिहिणारे आहेत, पण शेवटच्या प्रकरणात अचानक जुळा भाऊ उगवणार असेल तर माझे पैसे परत द्या. ही तपासणी आधी करता येत नाही, ती लेखकाच्या पहिल्या पुस्तकावर होते. एकदा फसवलं की त्या नावापुढे फुली.

कादंबरीसाठी पान 99 उघडायची युक्ती फोर्ड मॅडॉक्स फोर्ड या इंग्रज कादंबरीकाराच्या नावावर सांगतात. मला ती आवडते, कारण पहिलं पान प्रत्येक लेखक घासूनपुसून ठेवतो. नव्व्याण्णवाव्या पानापर्यंत त्याची पाहुण्यांसमोरची इस्त्री मोडलेली असते.

अनुवादकाचं नाव न वाचणं

एखादा परभाषेतला लेखक 'बालिश' वाटला, तर दोष लेखकाचाच असेल असं नाही. जूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या विज्ञान-साहसाच्या कादंबऱ्यांची एकोणिसाव्या शतकात जी इंग्रजी भाषांतरं झाली, त्यांतल्या काहींनी शास्त्रीय तपशील आणि राजकीय शेरे बिनदिक्कत कापले, आकडेमोडीत चुका केल्या. इंग्रजी वाचकांत पोराटोरांचा लेखक म्हणून त्याची ओळख पडली, त्यात या कात्रीचा मोठा वाटा आहे. मूळ फ्रेंच वाचणाऱ्यांना तो तसा वाटत नव्हता.

अनुवाद घेताना तीन गोष्टी बघायच्या : अनुवादकाचं नाव छापलंय का, थेट मूळ भाषेतून केलाय की मधे इंग्रजी आहे, आणि कुठेतरी कोपऱ्यात 'संक्षिप्त' लिहिलंय का. 2016 पासून एकेका अनुवादित पुस्तकाला मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराची रक्कम लेखक आणि अनुवादकात अर्धी-अर्धी वाटतात, आणि आपण मात्र अनुवादकाचं नाव न बघता पुस्तक पिशवीत टाकतो.

या चुकांवर जास्त शब्द घालवत नाही

पुरस्कार मिळाला म्हणून कुठलंही पुस्तक उचलणं. साहित्याचं नोबेल सहसा लेखकाच्या एकूण कामासाठी असतं, तुम्ही उचललेलं त्याचं सगळ्यात कमजोर पुस्तकही असू शकतं. बुकरसारख्या पुरस्कारात विजेत्यापेक्षा सहा पुस्तकांची लघुयादी चाळा.

'बेस्टसेलर' शब्दावर भाळणं. न्यू यॉर्क टाइम्सच्या यादीत काही नावांपुढे कट्यारीसारखी बारीक खूण असते, म्हणजे त्याच्या घाऊक मागण्या आल्याचं दुकानांनी कळवलंय. खूण बारीक असते, मुखपृष्ठावरचा शब्द मोठा असतो.

मलपृष्ठ वाचून ठरवणं. तिथे कोणी निंदा छापेल का?

ऑनलाइन दुकानातल्या 'हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं' या पट्टीवरून पुढचं पुस्तक घेणं. ती पट्टी तुम्हाला त्याच गल्लीत फिरवते. नवा प्रकार हवा असेल तर ग्रंथालयाच्या उघड्या कपाटापाशी जा. ते ड्यूई दशांश पद्धतीने, म्हणजे विषयवार आकडे देऊन लावलेलं असेल तर 500 च्या घरात विज्ञान, 900 च्या घरात इतिहास-भूगोल. हवं ते पुस्तक शोधा आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची चार काढून बघा.

दहा मिनिटांत पुस्तकाचा सारांश ऐकवणारी ॲप्स. यावर मला काही बोलायला लावू नका. दहा मिनिटांत सांगून संपलं असेल तर ते पुस्तक दोनशे पानांचं का छापलं, हे आधी त्याच्या लेखकाला विचारा.

शिफारस कोणाची, हे लिहून न ठेवणं

'कोणीतरी सुचवलं होतं' यातल्या त्या कोणीतरीचं नाव फार मोलाचं असतं. माझ्या वहीत तीन रकाने आहेत : पुस्तक, सुचवणारा, आणि वाचून झाल्यावर बरोबर किंवा फुली. चार-पाच वर्षांत चित्र स्पष्ट होतं. एका मैत्रिणीच्या चरित्रांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवते, तिच्या कादंबऱ्यांच्या वाटेला जात नाही. गटातल्या एका काकांच्या नावापुढे मात्र ओळीने फुल्या आहेत, आणि तेच माझे सगळ्यात भरवशाचे सल्लागार. त्यांनी "फारच संथ आहे, वेळ घालवू नकोस" म्हटलेलं पुस्तक मी त्याच आठवड्यात आणते. आजवर सात आणली, सहा उत्तम निघाली. सातवं खरोखरच संथ होतं, ते मी 42 व्या पानावर सोडलं आणि काकांना अजून सांगितलेलं नाही.