सीलिअॅकमधली खाण्याची धास्ती मोजायला निघालात? आधी हे वाचा

सीलिअॅक म्हणजे काय, ग्लूटेन कशात असतं, प्रश्नावलीचा क्रॉनबॅक अल्फा कसा काढतात हे तुम्हाला येतं, असं धरून चालते. येत नसेल तर एका दमात सांगते: सीलिअॅक म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार, त्यावर उपाय ग्लूटेन टाळण्याचं पथ्य; आणि अल्फा म्हणजे प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात तो आकडा. इथे फक्त ज्याच्यावर माझी झोप उडाली होती तेवढंच लिहिणार आहे.

या विषयावर प्रबंध घेतलेल्यांची सुरुवात साधारण सारखीच होते. गाइड सांगतात, "स्टँडर्ड टूल घ्या, म्हणजे व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) कुणी काही विचारणार नाही." मग आपण ईएटी-२६ उचलतो. खाण्याच्या विकारांची चाळणी करणारं १९८२ सालचं २६ प्रश्नांचं स्केल, ढिगाने पेपरांत वापरलेलं, स्कोअरिंग एकदम सोपं. 'नेहमी'ला ३, 'बहुतेक वेळा'ला २, 'बऱ्याचदा'ला १ आणि उरलेल्या तीन पर्यायांना शून्य. बेरीज २० किंवा त्याहून जास्त आली की या व्यक्तीची खाण्याच्या विकारासाठी नीट तपासणी व्हायला हवी, असा संकेत.

सापळा इथेच आहे आणि मी त्यात चांगलीच गुंतले होते. म्हणून जरा पाल्हाळ लावते, कंटाळा आला तरी सोडू नका.

एक काल्पनिक बाई घ्या. निदान होऊन काही वर्षं झालीत, पथ्य काटेकोर, रक्ततपासणी सुधारलेली, वजन ठीक, दिसण्याबद्दल तक्रार नाही. आता तिला ईएटी-२६ मधल्या आशयाचे प्रश्न विचारा. डोक्यात सतत खाण्याचेच विचार असतात का? असणारच, प्रत्येक पाकीट उलटून वाचावं लागतं. 'नेहमी', ३. पुढेही प्रत्येक उत्तराचे ३ मिळवत जाऊ. ब्रेडसारखे पिष्टमय पदार्थ मुद्दाम टाळता का? डॉक्टरांनीच सांगितलंय, ६. तुम्ही जास्त खावं असं इतरांना वाटतं का? जिथे जाईल तिथे वाटतं, ९. अन्नाचा आयुष्यावर ताबा आहे असं वाटतं का? १२. अन्न समोर असताना स्वतःवर संयम ठेवता का? १५. खाण्यावर फार वेळ आणि विचार खर्च होतो का? १८. डाएट करता का? याला ती 'नाही' कसं म्हणणार, डाएट हेच तर तिचं औषध. २१.

सात प्रश्नांत कटऑफ पार. चरबी, वजन, मुद्दाम उलटी करणं, या सगळ्याला तिने 'कधीच नाही' लिहिलं तरीही. वरून एक प्रश्न उलटा मोजतात, नवे जड, तुपकट पदार्थ चाखायला आवडतात का. अनोळखी पदार्थाला ती हातच लावत नाही, त्यामुळे तिथे 'कधीच नाही' आणि आणखी ३. झाले २४. उद्या तुमच्या प्रबंधात ही बाई 'खाण्याच्या विकाराचा धोका' या रकान्यात जाऊन बसते आणि तिचा गुन्हा काय, तर पथ्य नीट पाळलं.

यावर लगेच सुचणारा शॉर्टकट म्हणजे ते सात प्रश्न गाळून टाकायचे. अजिबात करू नका. एक तर प्रश्न काढले की २० चा कटऑफ निरर्थक होतो आणि इतर अभ्यासांशी तुलना संपते. दुसरं जास्त गंभीर आहे. सीलिअॅकच्या आड खरा खाण्याचा विकारही छान लपतो. "मला चालत नाही" म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. पथ्य सुरू झाल्यावर आतडं भरून येतं, अन्न अंगी लागतं, वजन वाढतं, आणि ते वाढलेलं वजन काहींना सहन होत नाही. वजन उतरावं म्हणून जाणूनबुजून ग्लूटेन खाणाऱ्या रुग्णांची उदाहरणंही वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. तुम्ही गाळलेल्या प्रश्नांबरोबर हीच माणसं निसटतील.

म्हणजे तेच उत्तर, तोच आकडा, आणि मागे दोन वेगळी माणसं. फरक कळतो कारण विचारल्यावर आणि त्याची किंमत काय पडते हे विचारल्यावर.

हे मला आकडेवारीतून समजलं नाही. पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, एका ताईंना प्रश्नावली भरताना मोठ्याने विचार करायला सांगितलं होतं. भूक लागलेली असताना खाणं टाळता का, या प्रश्नावर त्यांनी 'नेहमी'वर खूण केली, पेन तिथेच ठेवलं आणि म्हणाल्या, "प्रवासात खात्रीचं काही मिळत नाही म्हणून. घरी असते तर खाल्लं असतं ना." मग विचारलं, "हे कुठे लिहू?" फॉर्मवर त्याला जागाच नव्हती. काही जणांबरोबर अशी बैठक घ्या, लोक भरताना काय बोलतात ते शब्दशः उतरवून ठेवा. माझं स्पष्ट मत आहे की या कामात पहिला गुरू आहारतज्ज्ञ हवा, संख्याशास्त्रज्ञ नंतर. मला एका आहारतज्ज्ञ मॅडमनी चहा संपेपर्यंत जे सांगितलं, ते फॅक्टर अॅनालिसिस या संख्याशास्त्रीय पद्धतीच्या वर्कशॉपमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

आता थोडा दिलासा. खास याच आजारासाठी बनवलेलं स्केल आहे, सीडी-फॅब. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. ११ विधानं आणि सहमती-असहमतीचे ७ टप्पे. वजनाचा विषयच नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातलं खायला धजता का, शेजारी कुणी ग्लूटेन खात असेल तर अस्वस्थ वाटतं का, बाहेर जेवण्याचा आनंद घेता येतो का, असा सगळा रोख. काही विधानं सकारात्मक आहेत, ती उलटी मोजायची असतात. डेटा भरतानाच ते करून टाका, नाहीतर अल्फा घसरतो आणि आपण उगाच भाषांतराला दोष देत बसतो. आणि हे स्केल विकाराचं निदान करत नाही, धास्ती आणि वागणूक दाखवतं. व्हायव्हाला हे वाक्य पाठ असू द्या.

पण सीडी-फॅब एकटं वापरलंत तर सापळा मागच्या दाराने परत येतो. स्कोअर कमी आला म्हणजे माणूस मजेत आहे, असं कुणी सांगितलं? बिनधास्त ग्लूटेन खाणाऱ्याचाही स्कोअर कमीच येणार. म्हणून पथ्य किती पाळलं जातंय ते शेजारी मोजा. सीडॅट नावाची ७ प्रश्नांची चाचणी आहे, २००९ ची. बेरीज ७ ते ३५, आणि इथे जास्त म्हणजे वाईट. १३ च्या खाली असेल तर पथ्य चांगलं समजतात. रक्तातल्या टीटीजी-आयजीए अँटिबॉडीवर एकट्यावर भिस्त ठेवू नका. ती पथ्यानंतर सावकाश उतरते आणि अधूनमधूनची थोडीशी चूक तिच्यात दिसेलच असं नाही. लघवीत किंवा शौचात ग्लूटेनचे पेप्टाइड, म्हणजे बारीक तुकडे, शोधणाऱ्या चाचण्या अलीकडचं ग्लूटेन पकडतात, पण पैसे आणि परवानग्या असतील तरच त्यांच्या नादी लागा.

धास्ती आणि पथ्य एकाच आलेखावर मांडलं की चित्र उघडतं. पथ्य उत्तम, धास्ती कमी, असेही लोक निघतात, आणि खरं तर अभ्यास त्यांचा व्हायला हवा. २०१८ मध्येच अमेरिकेतल्या ८० किशोरवयीन आणि प्रौढ रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात अतिदक्ष गटाच्या जीवनाचा दर्जा कमी आढळला होता. तो हाताशी ठेवा, पण ८० जणांवरून जगाचे निष्कर्ष काढू नका.

आणि एक गोष्ट कृपा करून करू नका. भीतीला 'अवास्तव' म्हणू नका. २००७ च्या एका चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर आतड्यावर परिणाम दिसला. ५० मिलिग्रॅम म्हणजे ब्रेडचा चिमूटभर चुरा. 'ग्लूटेन-फ्री' लेबलची आंतरराष्ट्रीय मर्यादासुद्धा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. चुऱ्याला घाबरणाऱ्या माणसाचं गणित बरोबर असतं. तुम्ही मोजायचं ते हे की त्या गणितापायी त्याने काय काय सोडलं.

एआरएफआयडी, म्हणजे वजनाची चिंता नसतानाही खाणं टाळण्याचा विकार, मोजायच्या मोहात पडणाऱ्यांसाठी हेच परत. त्यासाठीच्या नायास या ९ प्रश्नांच्या चाळणीत भीतीचे तीन प्रश्न आहेत, खाल्ल्यावर पोटात त्रास होईल किंवा उलटी होईल या धाटणीचे. सीलिअॅकचा रुग्ण तिथे पूर्ण सहमती देणारच. मानसिक विकारांच्या निदानाचे निकष देणाऱ्या डीएसएम-५ या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्या आजारासोबत हे निदान करायचं तर खाण्याची अडचण त्या आजारात नेहमी दिसते त्यापेक्षा जास्त हवी. 'नेहमी किती' हे ठरवायला तुलनेचा गट लागतो, आणि तो आपल्यापैकी फार कमी जण घेतात.

सर्वसाधारण चिंतेसाठी मी हॅड्स ही चिंता आणि नैराश्य मोजणारी प्रश्नावली घेते. १४ प्रश्न, शारीरिक लक्षणं मुद्दाम बाजूला ठेवून बनवलेले, त्यामुळे पोटदुखी आणि थकवा चिंतेच्या खात्यात जमा होत नाही. एवढं पुरे. एका माणसाला आठ स्केलं भरायला लावणारे प्रबंध मी पाहिलेत. शेवटच्या पानांवर सगळ्या खुणा एका सरळ रेषेत असतात.

सॅम्पलबद्दल थोडक्यात. सपोर्ट ग्रुपमधून लोक घेतलेत तर दक्ष माणसंच जास्त येतील, फक्त क्लिनिकमधून घेतलेत तर त्रास असलेले. शक्य असेल तर दोन्हीकडून घ्या आणि कोण कुठून आलं ते नोंदवा. निदान कसं झालं हे विचाराच, कारण स्वतःच ग्लूटेन सोडलेले बरेच जण "मलाही सीलिअॅक आहे" म्हणतात. निदान होऊन किती काळ लोटला हेही हवं. पहिल्या काही महिन्यांतली धावपळ म्हणजे शिकणं असतं, तिला चिंतेचं लेबल लावू नका.

हे सगळं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. विषय चांगला आहे, लोक भरभरून बोलतात, त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारलेलं असतं. फक्त एथिक्सच्या अर्जात एक परिच्छेद आधीच घाला. कुणी मुद्दाम उलट्या करत असल्याचं लिहिलं किंवा वजन झपाट्याने उतरत असल्याचं दिसलं, तर तुम्ही त्या व्यक्तीला कुणाकडे आणि किती दिवसांत पाठवणार. ज्या डॉक्टरांचं नाव द्याल त्यांची लेखी संमती सोबत जोडा. हे नसेल तर अर्ज बहुतेक वेळा तिथेच परत येतो.