जुनिपरचे शेंडे नखाने खुडताय? सूचिपर्णी बोन्सायच्या छाटणीत या चुका टाळा

जुनिपर हे बोन्सायसाठी वापरलं जाणारं सूचिपर्णी झाड तपकिरी पडू लागलं की आधी पाणी वाढवलं जातं, मग बुरशीनाशक फवारलं जातं. त्याआधी झाड जवळून बघा. छाटणीनंतर आठ-पंधरा दिवसांत फक्त टोकं तपकिरी झाली असतील आणि ती सगळीकडे सारखीच दिसत असतील, तर दोष बहुधा खुडण्याचा आहे.

वडाचा किंवा फायकसचा शेंडा खुडला की मागून फुटवे येतात. तोच हात जुनिपरवर चालवला की झाड खंगतं. जुनिपरची ताकद त्याच्या हिरव्या पालवीत असते आणि वाढते शेंडे मुळांनाही चालतं ठेवतात. सगळे शेंडे एकदम खुडले की वाढ थांबते, मुळं मंदावतात. हेच वारंवार केलं तर आतल्या फांद्या विरळ होत जातात. फांदीचा पसारा दाट व्हावा म्हणून केलेलं काम नेमकं उलटं पडतं.

योग्य पद्धत अशी: पसाऱ्याच्या बाहेर गेलेला लांब शेंडा चिमटीत धरा आणि मागे मागे जात त्याचं बेचकं शोधा. तिथे त्याचा देठ बारीक दिसतो. अरुंद पात्याच्या धारदार कात्रीने तिथेच कापा, शेजारची आखूड फांदी तशीच राहू द्या. पालवीचे हिरवे खवले (पानांचे बारीक, चपटे तुकडे) मधून कापू नका, अर्धवट कापलेला खवला वाळतोच. आखूड शेंड्यांना हात लावायचं कारण नाही. एका वेळी एकतृतीयांशापेक्षा जास्त पालवी काढू नका. मात्र खाली लोंबणारी आणि बेचक्यात दाटलेली पालवी जरूर काढा, म्हणजे आत उजेड पोचतो. सावलीत राहिलेली आतली जुनी पालवी वाळणं स्वाभाविक आहे, ती चिमट्याने साफ करा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फांदी पार बोडकी करणं. हिरवं न उरलेल्या जुनिपरच्या फांदीला सहसा पुन्हा फूट येत नाही, ती वाळते. फांदी आखूड करायची असेल तर आधी आतला एखादा हिरवा फुटवा जोमदार होऊ द्या, मग त्याच्यापर्यंत मागे कापा. नको असलेली जाड फांदी मात्र खोडाशी सपाट कापायची घाई नको. दोन-तीन सेंटिमीटर खुंट ठेवून साल सोलली की त्याचं ‘जिन’, म्हणजे वाळक्या लाकडाचं शिल्प करता येतं.

शिंपाकू या जातीच्या जुनिपरवर मऊ खवल्यांच्या जागी टोचरी पालवी आली, तर छाटणी जास्त झाली असं समजा. ती कापत सुटलात तर आणखी टोचरी पालवी येईल. मोकळं वाढू द्या, खवले हळूहळू परततात. प्रोकम्बन्स जातीच्या जुनिपरची पालवी मुळातच टोचरी असते, तिथे घाबरू नका.

पाइनचं गणित निराळं. जपानी ब्लॅक पाइन एका हंगामात दोनदा फुटू शकतो, म्हणून जपानमध्ये जून-जुलैत त्याच्या नव्या कॅण्डल, म्हणजे मेणबत्तीसारखे उभे कोवळे कोंब, बुडाशी कापतात. आधी कमजोर, मग सात-दहा दिवसांनी जोमदार, म्हणजे दुसरी फूट सारख्या ताकदीची येते. हे काम फक्त खत खाऊन धष्टपुष्ट झालेल्या झाडावर करायचं. व्हाइट पाइन वर्षातून एकदाच फुटतो. त्याच्या कॅण्डल बुडाशी कापल्या तर त्या वर्षाची वाढच गेली. सुया उघडण्याआधी लांब कॅण्डल बोटांनी निम्म्यावर मोडायची, एवढंच. नखाने खुडणं खरं शोभतं ते स्प्रूस या सूचिपर्णी झाडाला: कळीचं तपकिरी टोपण गळून कोंब मऊ असतानाच.

छाटणी आणि कुंडीबदल एकाच हंगामात करू नका. कडक उन्हात मोठी छाटणी नको.

तपकिरी रंग टोकांवर नसून पालवी राखाडी, ठिपकेदार दिसत असेल तर फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटका. कागदावर ठिपके चालू लागले तर ती कोळी नावाची सूक्ष्म कीड आहे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पालवी खालून धुवा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा धुवा. आणि एक ध्यानात ठेवा: मुळं मेल्यावरही जुनिपर कित्येक आठवडे हिरवं दिसतं. पालवी निस्तेज आणि हाताला कुरकुरीत लागली, तर नखाने साल थोडी खरवडून बघा. आतून ओली आणि हिरवी असेल तरच फांदी जिवंत आहे.