जुना आरओ घेताय? टीडीएस मीटर सोबत न्या

इंदूरात बोरिंगवाल्या घरासाठी जुना आरओ घेत असाल तर आधी चालू करून दाखवा म्हणा, बंद मशीन अजिबात घेऊ नका. दहा मिनिटं चालू द्या, मग टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मीटरने मोजा: आधी नळाच्या पाण्याचा आणि मग मेम्ब्रेनमधून (क्षार गाळणाऱ्या पडद्यातून) शुद्ध पाणी घेऊन निघणाऱ्या बारीक पाइपचा, टाकीतल्या पाण्याचा नको, कारण त्यात टीडीएस कंट्रोलर कच्चं पाणी मिसळतो. नळाला 900 आणि तिथे 90 च्या आसपास आलं तर ठीक, 300 आलं तर मेम्ब्रेन गेली समजा, नवीनचा खर्च भावातून कापा. टाकीत बोट फिरवा, बुळबुळीत लागलं की मी तर सरळ परत येते. आणि घरी फक्त नर्मदेचं पाणी असेल, मीटरवर 500 च्या खाली, तर आरओ कशाला हो, यूव्ही (किरणांनी जंतू मारणारं मशीन) घ्या, आरओमध्ये उगाच कितीतरी पाणी नालीत जातं.