जुन्या व्हीटेकचा टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप घरच्या घरी कसे बदलावेत

गाडी जुनी झाली की मालकाला तारखा पाठ होतात. विमा कधी संपतो, पीयूसी कधी, पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी करायचं नोंदणीचं नूतनीकरण कधी. पण टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला, असं विचारा. हाच माणूस छताकडे बघायला लागतो.

माझी होंडा सिटी १.५ व्हीटेक २००१ ची. दारं चार आहेत, त्यामुळे तिला स्पोर्ट्‌स कार म्हटलं की काही मित्र हसतात. १०६ बीएचपी आणि हलकं अंग एकदा पाम बीच रोडवर रविवारी पहाटे अनुभवलं की हसणं थांबतं. आठवड्यातून तेवढीच ती बाहेर निघते, आणि गोंधळ तिथेच होतो. ‘गाडी चालतेच कुठे, बेल्ट नवाच असेल’ असं आपण धरून चालतो. पण टायमिंग बेल्ट रबराचा असतो, आणि रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. साधारण १ लाख किलोमीटर किंवा ५ वर्षं, यातलं जे आधी येईल ते, असा हिशेब मी धरतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. हौसेच्या गाडीत वर्षंच आधी भरतात.

बेल्ट तुटला तर काय होतं? हा बेल्ट खालचा क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा) आणि वरचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका तालात ठेवतो. या इंजिनात उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेवर हक्क सांगतात. फक्त वेळ वेगळी असते. बेल्ट गेला की ती वेळ चुकते, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. बहुतेकदा आधी आवाज येत नाही, दिवा लागत नाही. गाडी चालता चालता बंद पडते, एवढंच.

वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, म्हणून तो बेल्टबरोबरच बदलायचा. हे मी महागात शिकलो. मागच्या खेपेला एका गॅरेजने नवा बेल्ट टाकला आणि ‘पंप चांगलाय साहेब, कशाला खर्च’ म्हणून जुनाच ठेवला. आठ महिन्यांत ऐरोलीच्या पुलावर तापमानाचा काटा चढायला लागला. पंपाच्या सीलमधून कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, झिरपत होतं. पंपापर्यंत पोहोचायला तेच सगळं पुन्हा उघडायचं, मजुरी पुन्हा द्यायची. त्या दिवशी ठरवलं, पुढच्या वेळी हात आपलेच.

आधीची तयारी

ब्रेक पॅडसुद्धा कधी बदलले नसतील, तर या कामाने सुरुवात करू नका. गाडी गॅरेजलाच द्या, पण पंप, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि ऑईल सील बदलायला सांगा आणि जुने सुटे भाग हातात मागून घ्या.

स्वतः करणार असाल तर आणायच्या वस्तू: बेल्ट, टेन्शनर, पंप (त्याच्या रबरी रिंगसह), क्रँक आणि कॅमची पुढची ऑईल सील, व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग आणि तयार मिश्रणाचं कुलंट. बाहेरचे फॅन बेल्टही उतरणारच आहेत, तेव्हा चिरा दिसल्या तर तेही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सगळं मिळतं, खोकंही अगदी अस्सल दिसतं, म्हणून खोक्यावर जाऊ नका. दुकानातच नव्या बेल्टचे दाते मोजा आणि जुना उतरला की त्याच्याशी पडताळा. एका दाताचाही फरक असेल तर बेल्ट परत.

हत्यारं: दहा, बारा, चौदा आणि सतराच्या गोट्या (सॉकेट), लांब दांडा, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरावरच बोल्ट आवळणारा पाना), दोन जॅक स्टँड, जाड फळी आणि क्रँक पुली धरून ठेवायचं ५० मिलिमीटर षटकोनी होल्डर. शेवटचं हत्यार घ्यायला मन तयार होत नाही. घ्या, किंवा कुणाकडून मागून आणा.

नेरूळमध्ये खाडीची हवा लागून बोल्ट गंजतात. आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, जागा सपाट आहे ना, हे बघा आणि सेक्रेटरींना सांगून ठेवा की दोन दिवस ही गाडी हलणार नाही. आमच्या सेक्रेटरींनी फक्त विचारलं, ‘परत जोडता येईल ना?’

उघडणं

इंजिन पूर्ण थंड असू द्या, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. या गाडीत टायमिंगची बाजू डावीकडे, शेजारच्या सीटच्या बाजूला येते. डाव्या पुढच्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा, मग उचलून स्टँडवर ठेवा. डिकीतल्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. काढलेलं चाक मी गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवतो. स्टँड सरकलाच तर गाडी अंगाऐवजी चाकावर बसते.

चिखल अडवणारं प्लास्टिक काढा. रेडिएटरच्या खालचा बूच उघडून कुलंट पसरट भांड्यात घ्या आणि भांडं लगेच झाका. कुलंट चवीला गोड असतं आणि विषारीही. आमच्या पार्किंगमधली मांजर दहा मिनिटांत वास घेत आली होती. गटारात ओतू नका. कॅनमध्ये भरून जुनं ऑईल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

आता पॉवर स्टिअरिंग, एसी आणि अल्टरनेटरचे पट्टे उतरवा. स्टिअरिंगचा पंप नळ्या न सोडता बाजूला बांधून ठेवा. ऑईलच्या चेंबरखाली फळी, फळीखाली जॅक, आणि इंजिनाला हलका आधार मिळाला की डाव्या बाजूचा माउंट (इंजिन गाडीला धरून ठेवणारा आधार) काढा. जॅकने इंजिन उचलायचं नाही, नुसतं पेलायचं. स्पार्क प्लग काढले की इंजिन हाताने सहज फिरतं. व्हॉल्व्ह कव्हर आणि वरचं टायमिंग कव्हर काढलं की बेल्ट पहिल्यांदा दिसतो. माझ्या बेल्टच्या पाठीवर बारीक चिरांचं जाळं होतं, आणि गाडी बेल्ट बदलल्यापासून जेमतेम २२ हजार किलोमीटर चालली होती.

खुणा

बाकी सगळं काम नट-बोल्टांचं आहे, हे डोळ्यांचं. इथे घाई केली तर वरची मेहनत वाया जाते.

हे इंजिन उलटं फिरतं. पुलीच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध. क्रँकच्या बोल्टवर सतराची गोटी लावून त्याच दिशेने हळूहळू फिरवा. चुकून पुढे गेलात तर मागे घेऊ नका, पूर्ण फेरी करून या. कॅमच्या पुलीवर ‘अप’ असं कोरलेलं असतं. ते वर आलं पाहिजे आणि दोन्ही बाजूंच्या खाचा हेडच्या पृष्ठभागाशी एका रेषेत हव्यात. त्याच वेळी खाली क्रँक पुलीवरची पांढरी खूण कव्हरवरच्या काट्यासमोर हवी. पुलीवर आणखी तीन खुणा शेजारी-शेजारी असतात, मधली लाल. त्या इग्निशन टायमिंगच्या, म्हणजे ठिणगीची वेळ तपासायच्या. जुन्या गाडीत पांढरा रंग उडालेला असतो, लाल शिल्लक असतो, आणि माणूस तिथेच फसतो. तारेचा ब्रश मारून एकटी असलेली खूण शोधा आणि तिच्यावर पांढऱ्या पेनने रेघ ओढा. जुळलं की मोबाइलवर समोरून फोटो काढा, तिरका नको.

आता क्रँकचा बोल्ट. होल्डर पुलीत बसवा, त्याचा दांडा जमिनीला टेकवा, दुसऱ्या बाजूने लांब दांड्याला पाइप लावा आणि वजन टाका. आमच्याकडे तळमजल्यावरचे काका आणि मी असे दोघं लागलो. ‘टक्’ असा आवाज आला तेव्हा काकांना वाटलं काहीतरी तुटलं. काही जण दांडा चेसिसला अडकवून स्टार्टर मारायचा सल्ला देतात. बऱ्याच गाड्यांत ती युक्ती चालते, पण इथे इंजिन उलटं फिरत असल्याने बोल्ट सुटण्याऐवजी आणखी आवळतो. त्या वाटेला जाऊ नका.

पुली आणि खालचं कव्हर निघालं की क्रँकच्या दात्यांच्या चक्रावरची खूण ऑईल पंपावरच्या काट्यासमोर आहे का, ते पाहा. पुली नसताना हीच खरी खूण. टेन्शनरचा चौदाचा बोल्ट अर्धा फेरा सोडा, टेन्शनर ढकलून बेल्ट ढिला करा आणि काढा. यापुढे ना कॅम फिरवायचा, ना क्रँक.

पंप

पंपाचे बोल्ट काढले की उरलेलं कुलंट भसकन बाहेर येतं, तेव्हा खाली चिंध्या असू द्या. ब्लॉकचा चेहरा प्लास्टिकच्या खरवडणीने साफ करा. धातूची पाती अॅल्युमिनियमवर ओरखडे पाडते, आणि नंतर गळती तिथूनच होते. नवी रबरी रिंग खाचेत नीट बसवा. ती पिळून वर राहिली तर पंप बसल्यासारखा वाटतो, पण बसलेला नसतो. सहा मिलिमीटरचे हे बोल्ट १२ न्यूटन-मीटरवर, एकामागोमाग न घेता समोरासमोरचे आलटून-पालटून. हाताने ‘अजून थोडं’ करण्याची सवय इथे आटे खाते. पंप बोटाने फिरवून पाहा. खरखर लागली तर नवा असला तरी परत करा.

ऑईल सील याच टप्प्यात बदला. जुन्या सीलखाली तेलाचा ओलावा असेल तर तो पूर्ण पुसून काढा, कारण तेल बेल्टच्या रबराला खातं. नवा टेन्शनर आणि त्याची स्प्रिंग बसवा.

बेल्ट बसवणं

क्रम ठरलेला: आधी क्रँक, मग टेन्शनर, मग पंप, शेवटी कॅम. ढील राहिलीच तर ती टेन्शनरच्या बाजूला राहिली पाहिजे. बेल्ट जोरात दुमडू नका, पेचकसाने उचकून चढवू नका.

टेन्शनरचा बोल्ट सोडा, स्प्रिंग बेल्टला ताण देईल, पुन्हा आवळा. खालचं कव्हर आणि क्रँक पुली बसवा आणि पुलीचा बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. आता प्लग काढलेलेच आहेत, तर इंजिन हाताने उलट्या दिशेने पाच-सहा फेरे फिरवा. कुठेही कडक अडथळा लागला तर थांबा; तिथे जोर लावणं म्हणजे स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह वाकवणं.

फेरे झाले की पुन्हा वरच्या खुणांवर या. टेन्शनरचा बोल्ट अर्धा फेरा सोडा (खालच्या कव्हरला त्यासाठी रबरी बूच लावलेलं भोक असतं), क्रँक इतका फिरवा की कॅमची पुली तीन दाते पुढे जाईल, आणि तिथे बोल्ट ४४ न्यूटन-मीटरवर आवळा. हे तीन दाते बरेच जण गाळतात आणि मग बेल्ट ढिला राहतो.

पुढचे दोन फेरे फक्त तपासणीचे. माझं इथे पहिल्या खेपेला चुकलं. खाली पांढरी खूण बरोब्बर, वर मात्र खाचा चक्क तिरक्या. कॅम एक दात चुकला होता. अर्ध्या तासाचं काम वाढलं, काकांनी चहा आणला, बेल्ट उतरवून पुन्हा बसवला. हेच तपासणं चावी फिरवून केलं असतं तर हिशेब वेगळा झाला असता.

जोडणं आणि कुलंट

परत जोडणं हे उलट्या क्रमाने, त्यात सांगण्यासारखं फार नाही. माउंटचे बोल्ट आधी सगळे हाताने लावा, मग आवळा. व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग नवंच टाका.

कुलंट भरताना हवा अडकते. थर्मोस्टॅटजवळचा ब्लीड बोल्ट सैल करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि बोल्टमधून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत भरा. मग बोल्ट आवळा, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा आणि पंखा दोनदा लागेपर्यंत थांबा. मुंबईत गाडीचा हीटर कुणी लावत नाही. वर्षानुवर्षं बंद राहिलेला हीटरचा वाल्व त्या निमित्ताने तरी हलतो. पातळी खाली जाईल, तेवढं पुन्हा भरा.

पहिली चक्कर लांबची नको. मी सीवूड्‌सपर्यंत जाऊन आलो, बॉनेट उघडलं, टॉर्चने पंपाखाली पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनात कुलंट पुन्हा पाहिलं, आणि आठवडाभर गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला. पुठ्ठा कोरडा राहिला.

जुन्या गॅरेजने टायमिंग कव्हरवर किलोमीटरचा स्टिकर चिकटवला होता. तारखेची जागा रिकामी. नव्या कव्हरवर मी पांढऱ्या पेनने दोन्ही लिहिलं, तारीख जरा मोठ्या अक्षरात.