एसटीत उभ्याने प्रवास करताना तोल कसा सांभाळावा

भरलेल्या एसटीत चालकाने करकचून ब्रेक लावला की उभे प्रवासी एकमेकांच्या अंगावर जातात आणि मागच्याने ढकलले म्हणून कुरबुर सुरू होते. वस्तुतः पहिला धक्का कोणीच दिलेला नसतो. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या पहिल्या नियमाप्रमाणे शरीर आपली गती आपणहून सोडत नाही, त्यामुळे घर्षणाने धरलेली पावले बसबरोबर थांबतात आणि धड मात्र आधीच्याच वेगाने पुढे जात राहते.

म्हणून आधी पावले नीट ठेवावीत. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी बस ४ सेकंदांत थांबली, तर ६० किलोच्या प्रवाशाला थांबवण्यास १५० न्यूटन, म्हणजे साधारण १५ किलोचे पोते उचलण्याइतके बल लागते. शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, जमिनीपासून १ मीटरवर धरल्यास, काहीही न पकडता उभे राहण्यासाठी पुढचे पाऊल त्याच्या सुमारे २५ सेंटीमीटर पुढे हवे. यासाठी चालकाकडे तोंड न करता खांदा करावा, पावलांत दीड-दोन फुटांचे अंतर ठेवावे आणि गुडघे किंचित सैल सोडावेत. हीच बस १ सेकंदात थांबली, तर मात्र लागणारे बल प्रवाशाच्या स्वतःच्या वजनाएवढे होते. तेथे पावलांची कोणतीही ठेवण पुरत नाही, म्हणून एक हात दांडीवर सतत असावा. मोबाइल दोन्ही हातांनी धरणाऱ्यांना हा हिशेब बहुधा पहिल्या गतिरोधकावर कळतो.

घाटात धक्का बाजूने येतो, तेव्हा पावले गाडीच्या रुंदीत फाकवावीत. त्याच वळणावर वेग दुप्पट झाला, तर लागणारे बल चौपट होते.

वाहकाचे दोन्ही हात तिकिटाच्या यंत्रात आणि सुट्या पैशांत गुंतलेले असतात, तरी तो पडत नाही, कारण तो कंबर आसनाच्या पाठीला टेकवून उभा असतो: तो आसनाला जेवढे रेटतो, तेवढेच आसन त्याला उलट रेटते. गर्दीत दांडी हाती लागत नसेल, तर हाच उपाय करावा. पावसाळ्यात ओल्या तळावर घर्षण घटते, तेव्हा तर तो आवश्यकच असतो. जड पिशवी खांद्यावर न ठेवता पायांमध्ये ठेवावी, म्हणजे गुरुत्वमध्य वर सरकत नाही.

उतरताना बस पूर्ण थांबेपर्यंत पायरी सोडू नये. रस्त्यावर टेकलेले पाऊल जागीच थांबते, धड मात्र अजून बसच्याच वेगाने पुढे जात असते.